स्ट्रॉबेरीचें रोप कोणाचें ?

वळवाचा पाऊस पडूं लागला कीं महाबळेश्वर, पांचगणी, भिलार व त्यांच्या अवतीभोंवतीच्या गांवांतील बागाइतदारांत एकच चौकशी सुरू होते : यंदा 'मदर' कोठून आणावयाची, कोणत्या जातीची आणि काय भावानें ? जमीन, पाणी, मजूर व बाजार ह्यांची चौकशी त्यानंतर. ह्यांत शेतकऱ्यांची समज चुकते असें कोणी म्हणूं नये. स्ट्रॉबेरीच्या धंद्यांत रोप हेंच भांडवल आहे. निरोगी रोप ज्याच्या हातीं वेळेवर पडलें त्याचा अर्धा हंगाम साधला, आणि ज्याला रोगट रोप मिळालें त्यानें मग किती खत घातलें व किती फवारे मारले ह्याला फारसा अर्थ उरत नाहीं. म्हणूनच आमचें म्हणणें असें आहे कीं, ज्या एका वस्तूवर सारा हंगाम अवलंबून आहे ती वस्तु वर्षानुवर्षें समुद्रापलीकडून विकत आणावयाची, आणि ती स्वतः तयार करण्याचा एकत्र प्रयत्न मात्र कोणीं करावयाचा नाहीं, हा व्यवहार आपल्या संघासारख्या संस्थेस शोभत नाहीं व तो फार दिवस परवडणारही नाहीं.

ह्या पिकाची ओळख नसलेल्या वाचकांकरितां प्रथम रोपाची रीत सांगितली पाहिजे. स्ट्रॉबेरीची बाग कोणी बीं पेरून लावीत नाहीं. बियांपासून उगवलेलें रोप आईसारखें निघेल असा भरंवसा नसतो. हें पीक वाढतें तें तंतूंनीं. दिवस मोठा व हवा उबदार असली म्हणजे रोप फुलण्याचें सोडून जमिनीसरसे लांब तंतु टाकूं लागतें. ह्यांसच आपले लोक 'रनर' म्हणतात. रनरच्या पेऱ्यावर पानांचा झुबका येतो, त्याखालीं मुळ्या फुटतात व थोड्याच आठवड्यांत नवें रोप उभें राहतें. दिवस लहान होऊन थंडी पडूं लागली कीं तेंच रोप रनर टाकणें थांबवून कळी धरतें. पावसाळ्यांत रोपवाटिका, पाऊस ओसरतांना लागवड व हिंवाळ्यांत फळ हा आपल्याकडील क्रम ह्या स्वभावावरच बसला आहे. आतां ह्यांतून निघणारी गोष्ट नीट लक्षांत घ्यावी. एका जातीचीं लाखों रोपें म्हणजे वस्तुतः एकाच रोपाचे लाखों तुकडे होत. आईचा गुण जसा त्या सर्वांत उतरतो तसाच आईचा रोगही उतरतो. विषाणूंचे रोग तर असे आहेत कीं ते एकदां रोपांत शिरले म्हणजे त्यांजवर शेतांत देण्याजोगें कोणतेंही औषध नाहीं.

हें पीक रोपाच्या बाबतींत किती परस्वाधीन आहे तें त्याच्या जन्मकथेंतच दिसून येतें. ती कथा आपल्या शेतकऱ्यांस सहसा कोणी सांगत नाहीं, म्हणून येथें थोड्या विस्तारानें देतों.

रानांत उगवणारी बारीक स्ट्रॉबेरी युरोपांत प्राचीन काळापासून ठाऊक होती. आपल्या देशांतही हिमालयाच्या बाजूस तिच्या रानटी जाति आहेत, आणि एका जातीस तर आपल्या निलगिरी पर्वतावरूनच 'फ्रागारिया निलगेरेन्सिस' असें शास्त्रीय नांव पडलें आहे. परंतु ह्या साऱ्यांचीं फळें करवंदाएवढीं लहान. आज आपण जें मोठें, लाल व रसाळ फळ टोपलींत भरतों तें ह्यांपैकीं कोणाचेंच नव्हे. तें दोन अमेरिकन जातींच्या संकराचें फळ आहे, आणि तो संकर अमेरिकेंत नव्हे तर अठराव्या शतकांत युरोपांतील बागांत, कोणीही न योजितां, घडून आला.

अमेदे फ्रांस्वा फ्रेझिए हा फ्रेंच सैन्यांतील इंजिनियर १७१२ सालीं दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेला. स्पॅनिश लोकांच्या किल्ल्यांची व बंदरांची माहिती काढणें हें त्याचें काम. उघड बोलावयाचें तर तो हेर होता. चिली देशांत त्यास तेथील मूळ रहिवाशांनीं शेतांतून लावलेली एक स्ट्रॉबेरी दिसली. तिचें फळ रंगानें फिकट, परंतु अक्रोडाएवढें व क्वचित् कोंबडीच्या अंड्याएवढें मोठें. परततांना त्यानें तिचीं कांहीं रोपें बरोबर घेतलीं. सुमारें सहा महिन्यांचा समुद्रप्रवास आणि जहाजावर गोडें पाणी मोजून मिळावयाचें, अशा स्थितींत त्यानें तीं जगविलीं. १७१४ सालीं तो मार्सेय बंदरास पोंचला तेव्हां पांच रोपें जिवंत होतीं. पैकीं दोन जहाजावर पाणी पुरविणाऱ्या अधिकाऱ्यास त्या उपकाराबद्दल द्यावीं लागलीं, एक पॅरिसच्या राजोद्यानांत गेलें, एक वरिष्ठाच्या पदरीं पडलें व एक त्यानें स्वतःकडे ठेविलें. योगायोग असा कीं फ्रेंच भाषेंत स्ट्रॉबेरीस 'फ्रेझ' म्हणतात, आणि आमच्या ह्या हेराचें आडनांवही त्यावरूनच आलेलें !

पुढें जें झालें तें पपई लावणाऱ्यांस चटकन् समजेल. रोपें फोफावलीं, रनर फुटले, फुलेंही आलीं. पण फळ धरीना. चिलीच्या त्या जातींत नर रोप निराळें व मादी रोप निराळें असतें. फ्रेझिएनें साहजिकच मोठीं फळें लागलेलीं रोपें पाहून घेतलीं होतीं. त्यामुळें जें आलें तें सगळें मादीच्या वाणाचें. त्यांच्या रनरांपासून हजारों रोपें झालीं तरी त्यांत एकही नर निघणें शक्य नव्हतें. ब्रिटनी प्रांतांतील प्लूगास्तेल येथील शेतकऱ्यांनीं हीं रोपें दुसऱ्या जातींच्या शेजारीं, विशेषतः उत्तर अमेरिकेंतून पूर्वींच आलेल्या व्हर्जिनिया जातीच्या शेजारीं लावलीं, तेव्हां तीं फळांनीं लगडलीं. असें कां होतें ह्याचा उलगडा आंत्वान निकोला द्युशेन ह्या तरुणानें केला. १७६४ त, म्हणजे वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षीं, दुसऱ्या जातीचे पराग देऊन धरविलेलीं चिली स्ट्रॉबेरीचीं फळें त्यानें पंधराव्या लुई राजास नजर केलीं, व १७६६ त ह्या वनस्पतीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बागांतून आपोआप दिसूं लागलेली, अननसाच्या वासाची नवी जात चिली व व्हर्जिनिया ह्यांच्या संकराची आहे हें त्यानेंच ओळखिलें. त्या वासाची खूण म्हणून तिच्या शास्त्रीय नांवांत 'अनानासा' हा शब्द अद्याप आहे. आज जगांतील बहुतेक सर्व बागांत हीच जात आहे. बाकी सारे तिचे पोटभेद.

फ्रान्सच्या बागवानांजवळ रोपें होतीं, जमीन होती, पाणी व मेहनतही होती. रोपाविषयींचें ज्ञान तेवढें नव्हतें, आणि तेवढ्याकरितां कित्येक वर्षें फुकट गेलीं.

आपल्या सह्याद्रीवर हें पीक इंग्रजांच्या मागोमाग आलें. सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असतां, १८२८ च्या सुमारास, महाबळेश्वर हवा खाण्याचें ठिकाण म्हणून वसविण्यांत आलें. तेथें १८६४ पर्यंत चिनी व मलायी कैद्यांचा तुरुंग होता. त्या कैद्यांनीं बटाटे व विलायती भाजीपाला पिकवून दाखविला आणि आसपासच्या लोकांनीं तें काम पाहून उचललें. परदेशच्या कैद्यांनीं आपल्या डोंगरांत बागाइतीचा धडा घालून द्यावा ही हकीकत आमच्या मतें फार मोलाची आहे, पण ती असो. स्ट्रॉबेरी ही त्याच विलायती बागेंतील पाहुणी. फार वर्षें ती थोड्या वाफ्यांपुरती व साहेबांच्या न्याहारीपुरती राहिली. तिला मोठ्या व्यापारी पिकाचें रूप आलें तें गेल्या शतकाच्या अखेरीस, कॅलिफोर्नियाची चॅण्डलर, फ्लॉरिडाची स्वीट चार्ली अशा नव्या जाति, ठिबकाच्या नळ्या व काळा मल्चिंग पेपर हीं आलीं तेव्हां. पुढें २०१० मध्यें 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी' ह्या नांवास भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. तांबड्या मातीचें व थंड हवेचें श्रेय सरकारदरबारीं मान्य झालें ही आनंदाचीच गोष्ट. पण नांव आपलें झालें, माती आपली ठरली, आणि रोप मात्र परक्याचेंच राहिलें.

परकें रोप घेण्यांत लाज आहे असें आम्ही म्हणत नाहीं. बटाटा, मिरची, भुईमूग, पेरू हीं सर्व परदेशांतून आलेलीं पिकें आपण घरचीं करून घेतलीं. फरक इतकाच कीं त्यांचें बीं-बेणें आपल्या देशांत धरलें जातें, आणि स्ट्रॉबेरीचें मूळ पुनःपुन्हां बाहेरून येतें. त्यांत किंमत तर जातेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे धोका येतो. स्कॉटलंडांतील लॅनार्कशायर हा परगणा एकेकाळीं स्ट्रॉबेरीकरितां नांवाजलेला होता. १९२० नंतर तेथें मुळांचा गाभा लाल पडून रोप खुरटण्याचा व शेवटीं मरण्याचा रोग दिसूं लागला. शेतकरी एकमेकांकडून रनर नेत, आणि रनरांच्या मुळ्यांबरोबर रोगही शेतोशेतीं गेला. थोड्याच वर्षांत नामांकित बागा ओस पडल्या. त्या रोगाच्या बुरशीस 'फायटोफ्थोरा फ्रागारिए' हें नांव मिळेपर्यंत १९४० साल उजाडलें. मग तेथील कृषि महाविद्यालयानें रोगास दाद न देणारी 'ऑकिनक्रूव्ह क्लायमॅक्स' ही जात १९४७ च्या सुमारास दिली. लोकांनीं चोहोंकडे तीच लावली. दहा वर्षांच्या आंत पानें पिवळीं पडण्याच्या निराळ्याच विकारानें तीही हातची गेली. अगदीं अलीकडचें उदाहरण पाहिजे असल्यास फ्लॉरिडाचें घ्यावें : २०१७ पासून तेथें 'नियोपेस्टालोटिऑप्सिस' नांवाच्या बुरशीनें पानें व फळें नासूं लागलीं, आणि शोध घेतां ती रोपवाटिकेंतून आलेल्या रोपांबरोबर शेतांत शिरल्याचें दिसून आलें. आपण ज्यांजकडून रोपें घेतों त्या प्रगत देशांचा हा अनुभव आहे.

ह्यावरून दोन्ही बाजूंचा दोष स्पष्ट होतो. बाहेरची पेटी आली म्हणजे ती निरोगीच असली पाहिजे हा भाबडेपणा झाला. उलट, 'मदर महाग पडते, तेव्हां गेल्या वर्षींच्या बागेंतील रनर धरूं किंवा शेजाऱ्याचे आणूं' हा कंजूषपणा त्याहून वाईट. फळांच्या बागेंत सहा महिने उभें राहिलेलें रोप करपा, मूळकूज, कोळी व मावा ह्या सर्वांच्या गांठी पडलेलें असतें. मावा तर विषाणूंचा वाहक. त्याचे रनर धरणें म्हणजे रोगाची पेरणी करणें होय. आम्ही घरचें रोप करा म्हणतों तें अशा अर्थानें नव्हे.

आतां थोडा हिशेब मांडूं. आंकडे समजुतीकरितां धरलेले आहेत. ज्यानें त्यानें आपल्या वहींतले घालून पाहावे. एकरीं २२,००० रोपें लागतात असें धरा. रोप दहा रुपयांस पडलें तर २,२०,००० रुपये पहिलें फूल दिसण्यापूर्वींच जमिनींत गेले. शंभरीं दहा रोपें बसलीं तर २२,००० रुपये गेलेच, शिवाय तितक्या जागेवरील शेणखत, पेपर, नळ्या व मजुरी हीं वायां. उलट बाजूनें पाहा. एका मातृरोपापासून एका पावसाळ्यांत वीस चांगलीं रोपें धरलीं, आणि हा अंदाज मुळींच फुगविलेला नाहीं, तर एका एकरास १,१०० मातृरोपें पुरतात. चार चार फुटांवर लावल्यास त्यांस सोळा गुंठे जागा लागते. शंभर एकरांस १,१०,००० मातृरोपें. तीं आदल्या वर्षींच्या ५,५०० रोपांपासून होतात, आणि तीं ५,५०० त्याच्याही आदल्या वर्षींच्या २७५ रोपांपासून. म्हणजे शंभर एकरांची सारी लागवड मुळांत पावणेतीनशें रोपांवर उभी आहे ! मरतूक गृहीत धरून चारशें म्हणा. चारशें रोपांची निगा राखणें हें ज्याला जमणार नाहीं असा संघ आमच्या पाहण्यांत नाहीं. आणि चारशें रोपें निरोगी आहेत कीं नाहींत हें प्रयोगशाळेंत एकेक करून तपासतां येतें, बावीस लक्ष रोपांबाबत तें कोणासही शक्य नाहीं.

रोपाच्या आरोग्याचा संबंध खाणाराच्या आरोग्याशींही आहे, आणि ह्या फळाच्या गुणांविषयीं हल्लीं इतकें बोललें जातें कीं त्याचाही विचार येथेंच करणें बरें. शंभर ग्रॅम स्ट्रॉबेरींत सुमारें ९१ ग्रॅम पाणी असतें, उष्णता सुमारें ३२ कॅलरी व चोथा सुमारें २ ग्रॅम. क जीवनसत्त्व ५८ मिलिग्रॅमच्या आसपास असल्यामुळें दीडशें ग्रॅम ताजीं फळें खाल्लीं तर मोठ्या माणसाची दिवसाची गरज बहुतेक भागते. फोलेट, पोटॅशियम व मँगॅनीज हींही बऱ्यापैकीं असतात, आणि गोडी असूनही साखर कमी. एवढें खरें आहे व एवढें पुरे आहे. स्वीडनचा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस ह्यास स्ट्रॉबेरी खाऊन आपला संधिवात बरा झाला असें वाटे. म्हणून रस्त्याच्या कडेला पाट्या लावून 'हृदयरोगावर व मधुमेहावर रामबाण' असें आपण लिहूं नये. आपल्या घरच्या पेरूंत क जीवनसत्त्व ह्याच्या तिप्पट-चौपट आहे व आंवळ्यांत त्याहूनही जास्त. शिवाय कांहीं लोकांस हें फळ सोसत नाहीं व अंगावर गांधी उठतात. जॅम शिजवितांना क जीवनसत्त्वाचा बराच भाग जातो हेंही प्रामाणिकपणें सांगावें. ताजें, रसरशीत व स्वच्छ फळ म्हणून तें विकावें, औषध म्हणून विकूं नये.

स्वच्छ हा शब्द आम्ही मुद्दाम घातला. केळें वा संत्रें सोलून खातात, स्ट्रॉबेरीस सोलण्याजोगी सालच नाहीं. जो लाल भाग आपण खातों तो फुलाचा फुगलेला देठ असून वरचे पिवळे दाणे हींच शास्त्रीय दृष्ट्या खरीं फळें होत. त्या खांचाखांचांतून जें औषध बसलें तें पाण्यानें सगळें निघत नाहीं. रोगट रोप लावणारास आठवड्या-आठवड्याला फवारा मारावा लागतो, आणि तोडणी तर एक-दोन दिवसांआड चालू असते, मग औषध मारल्यानंतर थांबावयाचे दिवस पाळावयाचे कसे ? त्याच फवाऱ्यानें मधमाशी मरते. मधमाशी नसली कीं दाण्यांस पराग पोंचत नाहीं, आणि ज्या बाजूचे दाणे भरले नाहींत त्या बाजूनें फळ चेपकें राहतें. तें मग डबींत न जातां जॅमच्या पिंपांत, पडेल त्या भावानें जातें. मुळांत रोप निरोगी असतें तर ह्यांतील बराचसा खर्च व पाप टळलें असतें.

आमच्या सूचनेवर आक्षेप येतील, आणि त्यांतील एक वजनदार आहे. कॅलिफोर्नियांतील रोपवाटिकावाले आपलीं रोपें उत्तरेकडील उंच, कोरड्या पठारांवर वाढवितात. शरदांतील कडक थंडी खाऊन तीं रोपें जोमदार बनतात. तशी थंडी वाईच्या खोऱ्यांत पावसाळ्यांत कोठून आणणार ? हें खरें आहे. म्हणून प्रारंभीं आपल्या रोपाचा जोम थोडा कमी दिसला तर नवल वाटूं नये. परंतु आजही बागेंत जें रोप लागतें तें बहुतांशीं परदेशी मदरपासून ह्याच खोऱ्यांत पावसाळ्यांत धरलेलें असतें. थंडीचा लाभ आईला मिळालेला, मुलीला नव्हे. आईला थंडी द्यावयाची तर हिमाचल प्रदेशांतील उंच भागांत थोडी जागा घेऊन, अथवा शीतगृहांत रोपें ठेवून ती देतां येईल. सोलन येथें फळबागांचें स्वतंत्र विद्यापीठ आहे. त्यांचा सल्ला घ्यावा.

दुसरा आक्षेप कायद्याचा. कांहीं जातींवर त्या काढणारांचा हक्क असतो व रोपामागें स्वामित्वधन द्यावें लागतें. आपल्या २००१ च्या वनस्पतिवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानें शेतकऱ्यास आपल्या शेतांतील बीं ठेवण्याचा, पुन्हां लावण्याचा व देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. नोंदलेल्या वाणाचें बीं छापील नांवानें मात्र विकतां येत नाहीं. संघ रोपें करून सभासदांस वाटणार म्हटल्यावर प्रत्येक जातीचे कागद वकिलाकडून तपासून घ्यावे, आणि जेथें हक्क आहे तेथें तो एकरकमी करारानें घ्यावा. शंभर सभासदांनीं सुटें सुटें जाऊन करार करण्यापेक्षां संघानें एकदां केलेला करार स्वस्त पडेल. शिवाय ज्यांच्या हक्काची मुदत सरली आहे अशा जुन्या चांगल्या जातींकडे आपण पाहतच नाहीं, हीही एक संवयच झाली आहे.

तिसरा आक्षेप कोणी तोंडानें बोलत नाहीं, पण मनांत असतो : संघाचें काम म्हणजे कोणाचेंच काम नाहीं. ह्याला उत्तर कामाच्या रीतींतच दिलें पाहिजे. आमच्या मतें ती रीत अशी असावी. संघानें तीन-चार जातींचीं मूळ रोपें रीतसर परवान्यानें व आरोग्यपत्रासह आणावीं. त्यांच्या वाढत्या कोंबाचें अर्ध्या मिलिमीटरहून लहान टोंक कापून त्यापासून कांचेच्या नळींत रोप तयार करण्याची जी ऊतिसंवर्धनाची पद्धति आहे तिनें तीं विषाणूमुक्त करून घ्यावीं. अशा प्रयोगशाळा महाराष्ट्रांत पुष्कळ आहेत. हीं तीन-चारशें रोपें मावाही शिरणार नाहीं अशा बारीक जाळीच्या घरांत, मातीवर नव्हे तर उंच बांकांवर नारळाच्या भुशांत ठेवावीं व त्या घराची किल्ली एका पगारी माणसाकडे असावी. सभासदांनीं कौतुकानें सुद्धां आंत पाय घालूं नये. दुसऱ्या वर्षाचीं साडेपांच हजार रोपें दोन एकर निवडक जमिनींत लावावीं. ही जमीन महाबळेश्वरच्या माथ्यावर नसावी, कारण तेथें वर्षाला साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व रोपांचे गड्डे कुजतात. ती वाईकडील उतारावर, पाण्याचा निचरा होणारी असावी. तींत निदान चार वर्षें स्ट्रॉबेरी, बटाटा, टोमॅटो, वांगें व मिरची ह्यांपैकीं कांहींही झालेलें नसावें. एप्रिल-मेच्या उन्हांत पारदर्शक कागद पसरून ती तापवून घ्यावी. तिसऱ्या वर्षीं चाळीस एकरांची रोपवाटिका सभासदांनीं आपापल्या जागेवर, पण संघाच्या देखरेखीखालीं करावी. ज्या वाफ्यांत रोग दिसेल तो वाफा त्याच दिवशीं उपटून जाळावा, आणि ज्याचा वाफा जळेल त्याला सर्वांच्या वर्गणींतून भरपाई द्यावी. हें शेवटचें कलम नसलें तर रोग लपविला जाईल.

आणखी एक बंधन असावें : कोणतीही एक जात संघाच्या निम्म्याहून अधिक क्षेत्रावर लावूं देऊं नये. व्यापारी एकच जात मागतो हें आम्हांस ठाऊक आहे. लॅनार्कशायरचा व्यापारीही तेंच मागत असावा.

तोंवर आयात बंद करावी असें आमचें म्हणणें नाहीं. निदान तीन वर्षें बाहेरची मदर लागेलच. पण ती जुन्या बागेपासून दूर वेगळ्या तुकड्यांत लावून, पहिला महिना रोज पाहून, मगच तिचे रनर धरावे. पुढेंही नव्या जाति थोड्या प्रमाणांत आणून पाहिल्या पाहिजेत, नाहीं तर आपण जुन्याच जातींवर अडून बसूं. राहुरीच्या कृषि विद्यापीठाकडे आपल्या हवेकरितां नवा वाण काढण्याची मागणी संघानें लेखी करावी. अशी मागणी वर्षांनुवर्षें चिकटून केल्याखेरीज मान्य होत नसते. नाशिक जिल्ह्यांतील सुरगाणा-कळवणकडच्या डोंगरांत आदिवासी शेतकरी हें पीक लावूं लागले आहेत. त्यांस मदरचा भाव आपल्याहून जड जातो. संघाचें रोप सिद्ध झालें तर त्यांचा वांटा प्रारंभींच धरावा.

जाळीचें घर येत्या पावसाळ्यापूर्वीं उभें राहावयाचें तर त्याचा ठराव ह्याच वार्षिक सभेंत झाला पाहिजे. ज्या सभासदांची वाईकडील बाजूस वर सांगितल्या प्रकारची दोन एकर जमीन असेल त्यांनीं तिचा गट नंबर, गेल्या चार वर्षांतील पिकें व विहिरीस मे महिन्यांत किती पाणी राहतें ह्याची हकीकत चिटणिसांकडे लिहून पाठवावी.